फोटो दिसूनच नाही राहिला, भो!

खानदेशात कुठलाही कागद फोटोशिवाय घराबाहेर पडत नाही. लग्नपत्रिकेवर वर गणपती, त्याखाली कुलदैवत, बाजूला स्वर्गवासी आजोबा आणि जागा उरलीच तर नवरानवरी. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ज्याचा वाढदिवस तो मधोमध गॉगल लावून, वरच्या पट्टीत नेत्यांची उतरंड आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझ चेहरे. दशक्रियेच्या पत्रकावर गेलेल्या माणसाला कोट-टाय चढवलेला असतो. बिचाऱ्यानं जन्मभर बंडी सोडून काही घातलेलं नसतं. मजकूर म्हणजे दोन फोटोंच्या मधे उरलेली जागा भरण्याची सोय, अशी आपल्याकडची सर्वमान्य समजूत. अशा मुलखात आपोआप मेल पाठवणारी सॉफ्टवेअरं आली आणि मग जे व्हायचं ते झालं.

हे घडतं मेहरूणमध्ये. जळगाव शहर वाढत वाढत मेहरूणला येऊन भिडलं आणि त्याला पोटात घेऊन पुढे गेलं. तलाव तेवढा जागेवर राहिला. सकाळी त्याच्या काठानं शुगरवाले आणि बीपीवाले चालतात, अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जनाला येतात, आणि हिवाळ्यात शहरभर गाडीवाले 'मेहरूणची बोरं' एवढंच ओरडतात. त्या बोरांना लोगो नाही, टॅगलाइन नाही, संस्थापकांचा फोटो नाही. तरी गिऱ्हाईक थांबतं. या गोष्टीचा बोध तलावाकाठच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या गिऱ्हाइकांनी अजून घेतलेला नाही.

जवळच्या एमआयडीसीत डाळ, पाइप आणि चटया तयार होतात. इकडे दुकानांच्या वरच्या मजल्यावर, एसीखाली, दोन-तीन पोरं वेब ॲप्लिकेशन तयार करतात. गिऱ्हाइकं म्हणजे पतसंस्था, क्लासेस, मंगल कार्यालयं, केळीचे व्यापारी, पॅथॉलॉजी लॅब. सॉफ्टवेअर पावती बनवतं, हप्त्याची आठवण देतं, सभेची नोटीस काढतं आणि हे सगळं रात्री माणसं झोपलेली असताना मेलनं पाठवून मोकळं होतं. व्याज कोणत्या पद्धतीनं काढलंय, हे पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला: "मेलमधी आपला लोगो येईल ना? अन् साहेबांचा फोटो?"

साहेब म्हणजे आप्पा. या लेखातले आप्पा कुणी एक गृहस्थ नव्हेत. फोटोचा आग्रह धरणाऱ्या सगळ्या चेअरमन, संस्थापक, संचालक आणि प्रोप्रायटर मंडळींची ही सरासरी आहे.

पोरं आप्पांना ऑफिसात बोलावून, खुर्ची पुसून, आपल्या संगणकावर मेल उघडून दाखवतात. डाव्या कोपऱ्यात लोगो, उजव्या कोपऱ्यात आप्पा, मधे 'प्रिय सभासद'. आप्पा स्वतःकडे प्रसन्न मुद्रेनं बघतात, चहा होतो, अॅडव्हान्सचा चेक निघतो. आप्पा घरी जाऊन तोच मेल आपल्या फोनवर उघडतात. उजव्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन आणि त्यात फाटक्या कागदाचं इवलंसं चिन्ह.

"अरे, फोटो दिसूनच नाही राहिला ना भो!"

"आप्पा, माझ्याकडे तर दिसून राहिला."

हे दुसरं वाक्य सॉफ्टवेअर व्यवसायाच्या कोनशिलेवर कोरण्यासारखं आहे. भानगड अशी की, या मेलमध्ये चित्र नसतंच. चित्राचा पत्ता असतो. आणि पोरानं पत्ता लिहिलेला असतो लोकलहोस्टचा, म्हणजे १२७.०.०.१. हा पत्ता जगातल्या प्रत्येक संगणकाला स्वतःचा वाटतो. पोराचा संगणक आप्पांना स्वतःत शोधतो, सापडतात. आप्पांचा फोन आप्पांना स्वतःत शोधतो. आप्पांच्या फोनमध्ये आप्पांचे हजारो फोटो असतात: रिबीन कापताना, वृक्षारोपण करताना, कापलेली रिबीन हातात धरताना. पण हवा तो फोटो काढून देणारा सर्व्हर तिथे कुणी बसवलेला नसतो. आप्पा हातात असून आप्पा सापडत नाहीत.

पोरं मग फोटो खऱ्या सर्व्हरवर चढवतात. तरी चौकोन रिकामाच. आता फाइलचं नाव आडवं येतं. फोटो स्टुडिओवाल्यानं दिलेल्या फाइलचं नाव 'आप्पा नवीन फायनल २' असतं आणि शेवटी 'जेपीजी' ही अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीत. विंडोजला लहान-मोठं अक्षर सारखंच. सर्व्हर असतो लिनक्सचा, आणि तो एकेका अक्षरावरून भाऊबंदकी करणाऱ्यांपैकी. नाव बदललं की फोटो येतो, पण सावकाश, कपाळापासून खाली, आधी टिळा, मग चष्मा. कारण तो लग्नाच्या कॅमेऱ्यानं काढलेला आठ एमबीचा फोटो आहे. पोरानं कोडमध्ये रुंदी १५० पिक्सेल लिहिली आहे, त्यामुळे आप्पा दिसतात छोटे. उतरतात मात्र पूर्ण आकारात, प्रत्येक सभासदाच्या डेटा पॅकमधून.

या सगळ्याचं मूळ जळगावात नाही, अमेरिकेत आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर मेल पाठवला आणि पत्त्यात ते वेटोळं घातलेलं चिन्ह आणलं, तेव्हापासून पुढची वीस वर्षं मेल म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे. फोटो सोडा, त्यातून 'ळ' देखील जात नव्हता; म्हणजे जळगाव हे नावसुद्धा आपल्याला धड लिहिता आलं नसतं. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी 'माइम' नावाचे नियम लिहून काढले आणि मेलच्या पोटात चित्र, आवाज, काहीही भरायची सोय झाली. त्या वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी जी पहिली अशी अटॅचमेंट पाठवली, तिच्यात काय होतं? ते आणि त्यांचे ऑफिसातले गाणारे सहकारी, अशा चौघांचा फोटो, आणि सोबत त्यांनीच म्हटलेलं गाणं. मेलमधून फोटो पाठवायचे कशाला, असं लोकांनी विचारलं, तेव्हा ते म्हणत की पुढे कधीतरी मला नातवंडांचे फोटो मेलवर बघायचे आहेत. जगातली पहिलीवहिली माइम अटॅचमेंट स्वतःचा फोटो आणि स्वतःचं गाणं अशी होती, आणि तिचं समर्थन नातवंडांच्या नावानं झालं. आप्पांना ही हकीकत कळली तर ते बोरेनस्टाइन यांना शाल-श्रीफळासाठी जळगावला बोलावतील.

पण मेलचा रस्ता तोच जुना, अक्षरांचा. चित्र त्यावरून जायचं तर त्याची आधी अक्षरं करावी लागतात. या पद्धतीला बेस ६४ म्हणतात: चित्राचे तीन बाइट घ्यायचे आणि त्यांची चार अक्षरं करायची. तीनाचे चार, म्हणजे वजन सरळ एक तृतीयांशानं वाढतं. पुण्याच्या इंजिनियरला यात तोटा दिसतो. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या पोराला ती घडणावळ वाटते. माल तेवढाच, बिल जास्त, आणि त्याबद्दल गिऱ्हाइकानं कधी हुज्जत घातल्याचं त्यानं ऐकलेलं नाही.

मेलमध्ये चित्र दाखवायच्या एकूण तीन रीती आहेत आणि तिन्हींत आप्पा अडकतात.

पहिली, वर सांगितलेली, पत्त्याची. मेल हलका राहतो, चित्र सर्व्हरवर असतं, वाचणाऱ्यानं मेल उघडला की जाऊन आणायचं. यातली ग्यानबाची मेख अशी की सर्व्हर जागा पाहिजे. काटकसर म्हणून कुणी तो ऑफिसातल्याच संगणकावर ठेवला, तर मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, लाइट जाते, इन्व्हर्टर थोडा वेळ ओरडून गप्प होतो आणि सर्व सभासदांच्या मेलमधून आप्पा एकाच वेळी अंतर्धान पावतात. शिवाय आउटलुकसारखी सॉफ्टवेअरं अनोळखी माणसानं पाठवलेलं चित्र आपणहून उतरवतच नाहीत. आधी परवानगी मागतात. आप्पांना हा अपमान वाटतो. "मी चेअरमन अन् मला पाहायला परवानगी?"

दुसरी रीत, चित्र मेलसोबतच पाठवायची. चित्राला एक खूण द्यायची, मेलच्या मजकुरात त्या खुणेनं त्याला हाक मारायची. याचा नियम १९९७ पासून कागदावर आहे, आणि आज कुठल्याही भाषेतल्या मेल पाठवायच्या कोडमध्ये याची तयार ओळ मिळते. सर्व्हर झोपला तरी चित्र दिसतं. पण भाग चुकीच्या क्रमानं बांधले गेले, की मजकुराच्या जागी बसायचं सोडून चित्र मेलच्या तळाशी पेपरक्लिप लावून बसतं. हिशेबनीस ती क्लिप पाहून पावती आली म्हणून उघडतो, तर आत आप्पा. दर महिन्याला उघडतो, दर महिन्याला आप्पा. आणि वजनाचं काय? समजा पाच हजार सभासद आणि २०० केबीचा फोटो. एका रात्रीत एक जीबी आप्पा निघाले, घडणावळ धरून सव्वा जीबीच्याही वर.

तिसरी रीत हुशार पोरांना स्वतःहून सुचते: चित्राची ती अक्षरं थेट मेलच्या मजकुरातच ओतायची. पत्ता नको, पेपरक्लिप नको. ब्राउझरमध्ये झकास दिसतं. जीमेल मात्र असं चित्र दाखवतच नाही. वर मेलचा मजकूर साधारण १०२ केबीच्या पुढे गेला, की जीमेल तो तिथेच तोडतं आणि पुढचं वाचायचं असेल तर इथे दाबा म्हणतं. म्हणजे फोटो तर गेलाच, त्याच्या भारानं खालची 'हप्ता भरण्याची अंतिम तारीख' ही ओळही गेली. ही रीत फक्त थकबाकीदारांना आवडते.

इतकं चित्रांच्या मागे का लागलेत लोक, याचं एक कारण चित्रात दिसत नाही. मेलमध्ये एक बाय एक पिक्सेलचं, डोळ्याला न दिसणारं चित्र ठेवता येतं. मेल उघडला की ते आणायला फोन सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर नोंद करतो: अमक्यानं अमक्या वेळी मेल उघडला. हे आप्पांच्या कानावर गेलं त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. स्वतःच्या फोटोइतकी गोडी त्यांना प्रथमच दुसऱ्या एका चित्रात वाटली, आणि तेही न दिसणाऱ्या. "म्हणजे नोटीस वाचूनबी बोलून नाही राहिला, तो कोण, ते कळेल?" कळेल, पण आता तितकंसं नाही. २०१३ च्या डिसेंबरात जीमेलनं चित्रं आपोआप दाखवायला सुरुवात केली, पण ती स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून; त्यामुळे वाचणारा कुठे बसलाय हे कळेनासं झालं. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, माणसानं मेल उघडो न उघडो, चित्रं आधीच आणून ठेवू शकतं. परिणामी आयफोनवाले सगळे सभासद वार्षिक अहवाल पहाटे तीनला वाचतात, अशी नोंद होते. आप्पा ही नोंद सभेत अभिमानानं सांगतात.

आउटलुकचा विषय निघाला की मेहरूणची पोरं खुर्ची मागे सरकवतात. विंडोजवरच्या आउटलुकनं २००७ च्या आवृत्तीपासून मेलचं पान मांडण्याचं काम मायक्रोसॉफ्ट वर्डकडे दिलं. वर्डमध्ये ज्यानं कधी प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप केलाय त्याला पुढचं सांगायला नको. तिथे फोटो केसभर डावीकडे सरकवला की तीन परिच्छेद पुढच्या पानावर जातात, तक्ता उलटा होतो आणि पान क्रमांक गायब होतो. हाच हिशेब मेलला लागू. बाकी सगळीकडे आप्पा उजव्या कोपऱ्यात असतात, आउटलुकमध्ये व्याजदराच्या तक्त्यात, मुदत ठेवीच्या रकान्यात.

डार्क मोड ही त्यानंतरची साडेसाती. लोगोची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवायची, असं डिझायनर पोरगी ऑनलाइन कोर्समध्ये शिकलेली असते. संस्थेचं नाव काळ्या अक्षरांत. रात्री वाचणाऱ्याच्या फोनचा पडदा काळा. काळ्यावर काळं नाव, म्हणजे संस्थाच नाही. एखाद्या पतसंस्थेचं नाव रात्रीतून नाहीसं झालेलं दिसलं, तर जळगाव जिल्ह्यातल्या ठेवीदाराच्या छातीत काय होतं, ते बाहेरच्यांना नाही समजायचं.

सप्टेंबर उजाडतो. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात. आता आप्पा निर्वाणीचा आदेश देतात: "मजकूर-बिजकूर राहू द्या. फ्लेक्सवाल्याकडून नोटीस बनवून घेतली, तीच पूर्ण टाका फोटो म्हणून." यामागे अडाणीपणा नाही, इतिहास आहे. मराठी छपाईचा संसार वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांवर चालला. त्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की 'सभासद बंधू-भगिनींनो'च्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि टक्क्यांची चिन्हं उमटत. एवढं एकदा पाहिलेला माणूस शहाणा होतो आणि मराठीचा फोटो काढून पाठवतो. खरं तर युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. म्हणजे मेलमध्ये चित्र घालायची सोय होण्याआधीच मराठी अक्षरांची सोय झालेली होती. फ्लेक्सवाल्यापर्यंत ही बातमी सावकाश येते आहे.

पूर्ण नोटीस चित्र म्हणून गेली की दोन गोष्टी होतात. काही मेल स्पॅममध्ये पडतात, कारण अक्षर नसलेल्या आणि चित्रानं भरलेल्या मेलकडे चाळणीवाले संशयानं बघतात. उरलेले पोचतात, पण जिथे चित्रं बंद, तिथे सभासदाला सभेचं ठिकाण नाही, वेळ नाही, विषयपत्रिका नाही, नुसता भलामोठा चौकोन. सभेला न जाण्याचं इतकं प्रामाणिक कारण सभासदांना यापूर्वी मिळालेलं नव्हतं. विरोधी पॅनलनं मात्र यात कट पाहिला.

इलाज साधा आहे आणि तो पोरांना पाठ आहे. मजकूर अक्षरांत लिहा, युनिकोडमध्ये. लोगो छोटा करा, पक्क्या सर्व्हरवर ठेवा, पत्ता पूर्ण द्या. सभेच्या प्रवेशिकेवर क्यूआर कोड असेल तर तो सोबत बांधून पाठवा आणि त्याचा नंबर अक्षरांतही छापा. आणि प्रत्येक चित्रामागे पर्यायी मजकूर लिहा. चित्र आलं नाही तर त्या जागी ती ओळ दिसते, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन तीच ओळ वाचून दाखवतो. थोडक्यात, मेलमध्ये चित्र दिसणं हा पाठवणाऱ्याचा हक्क नाही, घेणाऱ्याची मेहरबानी आहे; अक्षर तेवढं हमखास पोचतं.

यातला पर्यायी मजकूर आप्पांना इतका पटला, की त्यांनी तो स्वतः सांगून लिहून घेतला. पोरानं 'अध्यक्षांचे छायाचित्र' असं लिहिलं होतं. आप्पांनी त्याआधी 'सहकारमहर्षी', 'शिक्षणप्रेमी', 'दानशूर', 'युवकांचे प्रेरणास्थान' आणि 'मा.' असं सगळं घातलं. आता चित्र बंद असलेल्या फोनवर रिकाम्या चौकोनात ही बिरुदावली पाच ओळींत मावत नाही म्हणून बाहेर सांडते. अंध सभासदाला मात्र हप्त्याची रक्कम ऐकण्याआधी दर महिन्याला आप्पांचा सत्कार पूर्ण ऐकावा लागतो.

हल्ली आप्पांनी नवीन काढलंय. फोटोनं हात जोडून नमस्कार केला पाहिजे. पोरांनी हलणारं जीआयएफ बनवलं: आधी आप्पा सरळ उभे, मग हात वर, मग नमस्कार. पण विंडोजवरची जुनी आउटलुकं अशा चित्राची फक्त पहिली चौकट दाखवतात. तिथे आप्पा नुसतेच उभे. तक्रार आली, तेव्हा पोरांनी चित्र उलटं फिरवलं; नमस्कार आधी, हात खाली नंतर. आता नव्या फोनवर आप्पा नमस्कार करून हात खाली घेतात आणि जुन्या आउटलुकवर कायमचे हात जोडून उभे राहतात. हा मेल नेमका वसुलीचा आहे. थकबाकीदाराच्या पुढे चेअरमननं असे हात जोडलेले बरे दिसत नाहीत, असं वसुली अधिकाऱ्याचं म्हणणं. थकबाकीदारांना मात्र त्यात सॉफ्टवेअरची काहीच चूक वाटत नाही. त्यांच्या मते इतक्या वर्षांत संस्थेकडून आलेला हा पहिलाच वस्तुस्थितीला धरून असलेला फोटो आहे.